शिवसागरच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठाने, गाड्यांची गर्दी टाळून तीन दिवसांची सायकल टूर: रूट तपासून द्या

मिरजकर_सायकल

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आम्ही दोघं तीन दिवसांची लोडेड (सायकलवर सामान लादून) टूर ठरवतोय. मिरजेहून रेल्वेने सातारा, मग सातारा–यवतेश्वर–कास–बामणोली, तिथून लाँचने तापोळा, वर महाबळेश्वर, आणि केळघर घाट उतरून मेढामार्गे परत सातारा. पाणी सतत नजरेसमोर हवं आणि हॉर्न कमीत कमी, एवढीच अपेक्षा.

सायकली अशा आहेत. एक हायब्रीड: टायर ७००×३८, पुढच्या चक्रांचे दात ४८-३८-२८, मागे ८ स्पीड कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) ११-३२ दातांची. दुसरी जुनी एमटीबी: २६ इंची, पुढे ४२-३४-२४, मागे ७ स्पीड फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा जुन्या पद्धतीचा चक्रसंच) १४-२८. सामान प्रत्येकी दहा-बारा किलो, सगळं मागच्या कॅरिअरवर.

विचारायचं आहे ते हे: हीच दिशा बरोबर की उलटी? लाँचमध्ये सायकली घेतात का? हे गिअर पुरतील का? आणि सोबतच्या एकाला घाट अजिबात नको असतील तर सातारा-सांगलीत पाण्याकाठचा दुसरा शांत रस्ता कोणता?

---

घाटवाट

रूट चांगला आहे आणि दिशाही हीच ठेवा. पण आधी वार बघा. आपल्याकडे सायकलसाठी राखून ठेवलेला रस्ता नाही. कासचा रस्ता मंगळवारी सकाळी रिकामा असतो आणि तोच रस्ता रविवारी अकरा वाजता गाड्यांनी भरलेला. मंगळवार ते गुरुवार असे तीन दिवस धरा, रोज साडेसहाला चाक हललं पाहिजे. शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा पूर्ण टाळा, महाबळेश्वरला तेव्हा गाड्यांची रांग लागते. फुलांचा हंगाम, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, हाही या रस्त्यावर सायकलचा काळ नव्हे. डिसेंबर निवडलात ते उत्तम.

पहिला दिवस, सातारा ते बामणोली, साधारण ३५ ते ३८ किमी. सातारा स्टेशन शहराबाहेर माहुलीच्या बाजूला आहे, तिथून शहर गाठायला पाच-सहा किमी वेगळे धरा. राजवाडा, समर्थ मंदिर करून यवतेश्वर घाट सुरू होतो. पहिले चार-पाच किमी सलग चढ आहे आणि दिवसातलं खरं काम तेवढंच. पुढे पेट्रीपासून कासपर्यंत रस्ता डोंगराच्या माथ्यावरून वर-खाली करत जातो. सातारा शहर ७०० मीटरच्या आसपास, कास पठार १२०० च्या आसपास. मधले उतार-चढ मिळून प्रत्यक्षात ६००-६५० मीटर चढाई पायांना पडते. कास तलाव पठाराच्या थोडा पुढे आहे. तो सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, त्यात उतरू नका, भांडी-कपडे धुऊ नका.

कासनंतर बामणोलीपर्यंत जवळजवळ सगळा उतार. कोयना धरण भरलं की पाण्याची पातळी ६५९ मीटर असते, म्हणजे साडेपाचशे मीटर खाली यायचं. इथे घाई करू नका. रस्ता अरुंद आहे, आंधळी वळणं आहेत आणि वळणांच्या आतल्या कडेला जांभ्याची बारीक खडी साठते. त्या खडीवर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरळ बाहेर निसटतं. वेग वळणाआधी, सरळ रेषेत कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. संध्याकाळी पाचनंतर या उतारावर राहू नका, कारण गवे रस्त्यावर येतात. गवा उभा दिसला तर पन्नास मीटर लांब थांबा, घंटी वाजवू नका, त्याला जाऊ द्या. कळप असेल तर शेवटचं जनावर गेल्यावरही दोन मिनिटं जास्त थांबा, पिल्लू मागे राहिलेलं असतं.

दुसरा दिवस लाँचचा. बामणोलीच्या बोट क्लबवर दर सहसा अख्ख्या बोटीचा असतो, माणशी नाही. त्यामुळे सायकली घेणार का आणि त्याचे वेगळे किती, हे आदल्या संध्याकाळीच ठरवून टाका. सकाळी वासोट्याला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींची झुंबड असते, तेव्हा दोन सायकलींसाठी कुणी थांबत नाही. बोटीवर सायकल चढवताना बॅगा आधी काढा आणि सायकल डाव्या कुशीवर आडवी ठेवा. उजव्या बाजूला मागचा गिअर असतो. त्यावर सायकल पडली की डिरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, वाकतो आणि मग साखळी स्पोकमध्ये शिरते. दोन सायकली एकमेकींवर ठेवायच्या झाल्यास मध्ये चादर घाला.

जलाशयाची पातळी वर्षभर बदलत असते. डिसेंबरमध्ये पाणी बऱ्यापैकी वर असतं. एप्रिल-मेमध्ये मात्र ते इतकं मागे जातं की लाँचपर्यंत भेगाळलेल्या मातीच्या उतारावरून सायकल खांद्यावर न्यावी लागते. उन्हाळ्यात हा रूट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लाँचचा प्रवास हाच या टूरचा गाभा आहे, त्यात काटछाट करू नका. बाजूच्या खोऱ्यांतलं पाणी मुख्य जलाशयाला येऊन मिळतं, दोन्ही काठांना जंगल थेट पाण्यापर्यंत उतरतं आणि इंजिन बंद केलं की पलीकडच्या काठावरच्या धनेशाचा आवाज ऐकू येतो. पलीकडचा बराच भाग कोयना अभयारण्याचा आहे. कुठेही उतरायचं तर वनखात्याची परवानगी आधी हवी, आणि सायकल घेऊन तर जंगलात शिरूच नये.

तापोळा ते महाबळेश्वर पंचवीस-सत्तावीस किमी आणि चढ सातशे मीटर. सरासरी काढली तर अडीच-तीन टक्के येते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. मधले तुकडे आठ-दहा टक्क्यांचे आहेत. लाँच सकाळी आठची मिळाली तरच दुपारी दोनपर्यंत वर पोहोचाल. पाणी माणशी तीन लिटर भरूनच तापोळा सोडा. रोख पैसे साताऱ्यातूनच काढून आणा आणि नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, दरीत रेंज येते-जाते.

तिसऱ्या दिवशी पाचगणी-वाईच्या रस्त्याला लागू नका, सगळी पर्यटक वाहतूक तिकडूनच येते. तुमचा केळघर-मेढा मार्ग योग्य आहे, साताऱ्यापर्यंत ५५ किमीच्या आसपास. मेढ्याच्या खाली काही अंतर कण्हेर धरणाचं पाणी सोबत असतं. शहराजवळचे शेवटचे दहा किमी मात्र वर्दळीचे आहेत, ते सकाळी अकराच्या आत संपवा.

---

स्पोक_टाइट

रूटबद्दल वर सगळं आलं. सायकलींबद्दल सांगतो, कारण एमटीबीवालं फ्रीव्हील असंच घेऊन आलात तर दुसरा दिवस सायकल ढकलत जाईल.

हिशेब असा. ६० केडन्सला, म्हणजे मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्यांना, सर्वांत हलक्या गिअरमध्ये हायब्रीड (२८/३२) ताशी ६.९ किमी जाते आणि एमटीबी (२४/२८) ६.३ किमी. माणूस, सायकल, सामान मिळून १०५ किलो धरले, तर आठ टक्के चढावर ६.९ चा वेग राखायला सुमारे १७० वॅट लागतात. सवयीचा सायकलस्वार तेवढे तासभर देऊ शकेल, तीन तास नाही. मग केडन्स ४५ वर येतो आणि सगळा भार गुडघ्यावर जातो.

एमटीबीला १४-३४ चं ७ स्पीड फ्रीव्हील बसवा, दुकानात मेगारेंज म्हणून मागा. २४/३४ झालं की त्याच केडन्सला वेग ५.२ आणि गरज १३० वॅटच्या आसपास. मात्र दोन गोष्टी बघा. मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा हवा, नाहीतर ३४ दात पेलणार नाही. आणि साखळी एकदोन कड्यांनी वाढवावी लागेल. तपासायची रीत: साखळी डिरेलरमधून न घेता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून गुंडाळा, दोन्ही टोकं जुळतात तिथून दोन पिनांचं अंतर जास्त ठेवा. आखूड साखळी चुकून मोठ्या-मोठ्यावर गेली तर हँगर तोडते.

हायब्रीडला ११-३४ कॅसेट घाला, फरक थोडा पण उपयोगी. पुढची २८ ची चक्ती बदलून २४-२६ करता आली तर अजून बरं. स्वस्त क्रँकवर चक्त्या रिव्हेट केलेल्या असतात, त्या निघत नाहीत, तिथे नाद सोडा.

आता सामान. दहा-बारा किलो सगळं मागे, हे मला पटत नाही. मागच्या चाकावर आधीच अंगाचं साठ टक्के वजन असतं. उजव्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात आणि तेच, बहुधा हबच्या वाकापाशी, तुटतात. चार-पाच किलो पुढे हँडलबारच्या बॅगेत आणि फ्रेमच्या त्रिकोणात घ्या: तंबूचे दांडे, हत्यारं, पाणी. निघण्याआधी शेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून बघा, एकही ढिला लागता कामा नये. त्याच लांबीचे तीन सुटे स्पोक चेनस्टेला टेपने बांधा. पण उजव्या बाजूचा स्पोक घालायला फ्रीव्हील किंवा कॅसेट काढावी लागते, तिचा रिमूव्हर सोबत नसेल तर स्पोक नुसते मिरवायला.

कॅरिअरचे बोल्ट एम-५ असतात, चार मिमीची ॲलन की लागते. खराब रस्त्यावर तेच सर्वांत आधी सुटतात. निळं थ्रेडलॉकर लावा, दोन बोल्ट जास्तीचे ठेवा आणि रोज सकाळी हात फिरवून बघा. एक बोल्ट गेला की सगळं वजन दुसऱ्यावर येतं आणि तो फ्रेमच्या आट्यातच तुटून बसतो. तो काढायला मग लेथवाला गाठावा लागतो.

ब्रेक. कास–बामणोली उतारावर ब्रेक सतत हलके धरून ठेवायची सवय असेल तर मोडा. १०५ किलो वजन साडेपाचशे मीटर खाली आणताना ती सगळी ऊर्जा कुठेतरी उष्णता होऊन जायची असते. रिम-ब्रेकवर ती रिममध्ये जाते, रिम तापून ट्यूब फुटते. डिस्कला पॅड चकाकतात आणि पकड जाते. सोडा, वेग येऊ द्या, मग पुढचा-मागचा मिळून जोरात दाबा, परत सोडा. तीन-चार किमीला थांबून रिमजवळ हात न्या; धग लागली तर पाच मिनिटं उभे राहा. ब्रेक-शूमध्ये रुतलेले खडे सुईने उकरून काढा, जांभ्याचे कण रिम घासून काढतात. एक जोडी शू जास्तीची घ्याच.

हवा: ३८ च्या टायरला मागे ५५-६० पीएसआय, पुढे ४५. एमटीबीला मागे ४५, पुढे ३५ पुरे.

---

मिरजकर_सायकल

दोघांचेही मनापासून आभार. १४-३४ फ्रीव्हील मागवतो. एमटीबीचा मागचा एक्सल ढिला वाटतो, चाक हाताने हलवलं की टकटक करतं. कोन (एक्सलवरचे, बेअरिंगच्या गोळ्या दाबून धरणारे नट) घट्ट केले की भागेल ना?

---

स्पोक_टाइट

घट्ट करण्याआधी एक्सल काढून काचेवर लोळवून बघा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवी बेअरिंग बरीच आत असते आणि एक्सलचा तो तुकडा आधाराशिवाय बाहेर राहतो, म्हणून लोड घेतल्यावर तिथेच वाकतो किंवा तुटतो. वाकलेला असेल तर कोन कितीही आवळा, एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिला लागणार. क्रोमोली एक्सल, दोन्ही कोन आणि पाव इंची गोळ्या (बाजूला नऊ) एकदमच बदला. कोनवर खळगे पडले असतील तर नवं ग्रीस भरून उपयोग नाही.

---

वारणाकाठ

घाट नको असणाऱ्यांसाठी लिहितो. रस्ता पुढे बंद होत असला की त्यावर परक्या गाड्या येत नाहीत, म्हणून बंद खोरी शोधायची.

सर्वांत चांगलं धोम धरणाचं खोरं. वाईहून मेणवलीला कृष्णेचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा, तिथून धोमचं नृसिंह मंदिर, मग जलाशयाच्या कडेने बलकवडी धरण आणि शेवटी जोर. जोरला गाडीरस्ता संपतो, पुढे महाबळेश्वरचे कडे. त्यामुळे धोमच्या मागे एसटी, दुधाच्या गाड्या आणि गावकऱ्यांच्या मोटारसायकली एवढीच वाहतूक. चढ आहेत पण छोटे. वाईत राहून सकाळी जायचं, दुपारी परत. बॅगा खोलीवरच ठेवता येतात. सकाळी आठपर्यंत खोऱ्यात ऊन पोहोचत नाही, डिसेंबरात हातमोजे लागतील.

दुसरा रस्ता उरमोडी धरणाकडचा. साताऱ्यातून बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडच्या रस्त्याने परळीपर्यंत. उजेड पडताच निघा, नंतर गडावर जाणाऱ्यांची ये-जा वाढते. तिथून ठोसेघर-चाळकेवाडीला चढू नका, तो घाटच आहे.

सांगलीकरांचं चांदोली. शिराळा–कोकरूड–चरण–आरळा–वारणावती असा वारणेच्या काठाने रस्ता आहे, चढ सौम्य. पण दोन गोष्टी. धरणामागचं पाणी राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. जलाशयाला सायकलने वळसा घालता येत नाही, वारणावतीपर्यंत जाऊन मागे फिरायचं. आणि डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा भर. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओव्हरटेक करताना मागची ट्रॉली आत येते, वर लोंबणारं वाढं हँडलला अडकतं. ट्रॅक्टर आला की साइडपट्टीवर उतरून एक पाय खाली टेका, दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्या. अंधारात तर या रस्त्यावर नकोच, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. इस्लामपूर-शिराळा पट्टा सकाळी लवकर उरका, कोकरूडच्या पुढे मोकळं होतं.

---

घाटवाट

रेल्वेचं राहिलं. सायकली पार्सल ऑफिसात बुक करताना विचारा की त्या गाडीत लगेज व्हॅन आहे का आणि साताऱ्याला ती उघडतात का, थांबा दोन-तीन मिनिटांचाच असतो. पंप, दिवे, बाटल्या काढून घ्या, पेडल उलट्या आट्यांचं कोणतं (डावं) ते लक्षात ठेवून सोडवा आणि फ्रेमला नाव-स्टेशन लिहिलेला पुठ्ठा तारेने बांधा, दोऱ्याने नाही. सायकल त्याच गाडीने येईलच असं धरू नका. एक दिवस आधी पाठवली तर सातारला उतरल्या उतरल्या हातात मिळेल.