‘व्हाइट ख्रिसमस’: १९४२ की १९४७?

अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीचं १९४२चं ‘व्हाइट ख्रिसमस’ हे नाताळगीत आजही ताजं वाटतं, असं कुणी म्हटलं की पटतं. एक भर घालतो: आज सहसा कानावर पडतं ते १९४२चं नव्हेच!

गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनचं हे गाणं क्रॉस्बीने २९ मे १९४२ला डेक्का या तबकड्यांच्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलं. साथीला जॉन स्कॉट ट्रॉटरचा वाद्यवृंद आणि केन डार्बीचा गायकवृंद. पुढे तबकड्यांना मागणी एवढी, की प्रती काढून काढून मूळ मास्टरच (जिच्यावरून प्रती काढतात ती मुद्रिका) खराब झाली. मग १९ मार्च १९४७ला तोच वाद्यवृंद आणि तोच गायकवृंद पुन्हा बोलावून गाणं शक्य तितकं हुबेहूब नव्याने मुद्रित केलं. फरक सुरुवातीलाच कळतो. ४७मध्ये बासऱ्या आणि सेलेस्टाची (पेटीसारखं, पण नाजूक किणकिणणारं वाद्य) भर आहे.

मला स्वतःला ४२चंच जास्त भिडतं. युद्धावर गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी फर्माइशी करकरून ऐकलं ते हेच. बर्लिनने गाण्याच्या सुरुवातीसाठी लिहिलेलं, कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्सच्या उन्हाचं कडवं मात्र दोन्हींत नाही. गाण्यांच्या संग्रहावरची ध्वनिमुद्रणाची तारीख बघून दोन्ही लागोपाठ ऐकाच.