दिमोनाला गेलेल्या आजीचं चरित्र लिहायचंय: तारखा, कागद, कॅसेट कशा लावाव्यात?

ठाण्याची_नात
आजी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, माहेर पेणजवळचं. १९६३ साली मुलांना घेऊन इस्रायलला गेली, दिमोनात राहिली, तिथेच वारली. इकडच्या आणि तिकडच्या नातवंडांसाठी तिच्यावर मराठी-हिब्रू पुस्तिका करायची आहे, चाळीसेक पानांची. हाताशी आहे ते असं: भारतीय पासपोर्ट, इस्रायली ओळखपत्र, केतुबा (ज्यू लग्नाचा करारनामा), चिकट पानांच्या अल्बममधले फोटो, मराठी पत्रं, तीन कॅसेट.
पासपोर्टात जन्म १ जून १९३१, ओळखपत्रात ००.००.१९३०. कबरीवर किस्लेव महिना आणि वर्षाची चार हिब्रू अक्षरं. घरात १९९१ की १९९२ असा वाद. इकडे आडनाव पेणकर, तिकडे सॅम्युएल. कुठून सुरुवात करू?

कुलाबकर
आधी तारखा.

१ जून ही मास्तरांची तारीख. जन्मतारीख माहीत नसली की शाळेत नाव घालताना सर्रास १ जून टाकत, आणि तीच पुढे दाखल्यावरून पासपोर्टात जाई. इस्रायलमध्ये दिवस-महिना माहीत नसेल तर ओळखपत्रावर शून्यं पडतात. म्हणजे दोन्ही कागद एकच सांगतायत: नक्की तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. पुस्तिकेत ‘१९३०-३१’ लिहा आणि दोन्ही नोंदी जशाच्या तशा द्या. सरासरी काढू नका.

हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. कबरीवरची अक्षरं तव, शिन, नून, बेत असतील तर ४००+३००+५०+२ म्हणजे ७५२. कबरीवर पाच हजार बहुधा लिहीत नाहीत, म्हणून वर्ष ५७५२. आता गोची इथे होते. इसवी सन काढायला जानेवारीपासूनच्या तारखेला हिब्रू वर्षातून ३७६० वजा करायचे, पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे तिश्रीपासून (हिब्रू वर्षाचा पहिला महिना) डिसेंबरअखेर ३७६१. ५७५२ चा किस्लेव नोव्हेंबर-डिसेंबर १९९१ मध्ये पडला. घरातला १९९२ हा सरसकट ३७६० वजा केल्याचा परिणाम दिसतोय. शिवाय हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि त्या दिवसांत तिकडे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. संध्याकाळी सहाला मृत्यू झाला असेल तर कबरीवर पुढची तारीख येणार. तेव्हा इंग्रजी तारीख मृत्यूच्या दाखल्यावरूनच घ्या.

आडनावाचं कोडं नाही. बेने इस्राएलांत गावावरून ‘कर’ लावत, पण सरकारी कागदावर बापाचं किंवा आजोबांचं नाव आडनावाच्या जागी जाई. जुन्या नोंदीत तर सॅम्युएलचा ‘समाजी’ आणि एझिकेलचा ‘हसाजी’ झालेला असतो, तीही नावं धरून शोधा. हिब्रूत प आणि फ ला एकच अक्षर, म्हणून पेणकरचा ‘फेनकर’ करून ठेवला असेल तर दचकू नका.

इकडे तीन ठिकाणी पाहा. पहिलं, शाळेचं जनरल रजिस्टर, दाखल्याची नक्कल नव्हे. मूळ पानावर जात, गाव, शाळा सोडल्याचं कारण असतं. दुसरं, तहसीलच्या अभिलेख कक्षातला जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा बरोबर न्या. अर्जात ‘जुना कुलाबा जिल्हा’ असा उल्लेख करा. रायगड नाव १९८१ पासूनचं आहे. तिसरं, सिनेगॉगची (ज्यू प्रार्थनास्थळाची) वही. पेणचं सिनेगॉग १८६३ चं.

आणि १९६३ म्हणताय म्हणून: १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासायचा आदेश काढला होता. मोठं आंदोलन झालं आणि १९६४ त त्या आदेशातून समाजाचं नाव काढावं लागलं. त्या दोन वर्षांत घरात कुणाचं लग्न ठरलं असेल तर त्या फायलीत आजीच्या आईचं, पणजीचं नाव-गाव मिळण्याची शक्यता चांगली. अपमानाचा कागद खरा, पण वंशावळीला सोनं.

फीत_आणि_फोटो
कॅसेट लगेच वाजवू नका. आधी मागच्या दोन्ही खाचांची प्लास्टिकची झाकणं मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. खालच्या फटीत फीत दाबणारा नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो जुन्या कॅसेटमध्ये गळून पडतो आणि आवाज दबका येतो. पडला असेल तर फीत दुसऱ्या, स्क्रूवाल्या कव्हरात घालून घ्या. मग एकदा शेवटापर्यंत पुढे, परत मागे गुंडाळा, हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि वाजवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव फाइल करा. एमपी३ त्यातून नंतर. स्वस्तातले यूएसबी प्लेअर वेग सांभाळत नाहीत, बोलणं हेलकावे खातं. चांगला जुना डेक उसना मिळतो का बघा.

चिकट पानावरचे फोटो ओढले की कोपरा फाटतो. दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा सरकवत न्या. नाही निघाला तर पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआय, टिफ. निघालेल्या फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. नावं मऊ पेन्सिलीने लिहा. पत्रांना सेलोटेप किंवा लॅमिनेशन नको. एअरोग्रामच्या घडीवरचा मजकूर आणि पोस्टाचा शिक्का दोन्ही स्कॅनमध्ये आले पाहिजेत.

शुक्रवारची_शेगडी
तारखा लागतील हो. पण ‘कष्टाळू, मायाळू’ लिहून चाळीस पानं भरलीत तर ती कुणाचीही आजी होईल. नातलगांना ‘कशी होती?’ विचारू नका. विचारा: शुक्रवारी स्वयंपाक किती वाजता आटपायचा? गिरणीत कामाला असेल तर पाळी कोणती? पगार कुणाच्या हातात जायचा? पेणला पैसे कसे पोचायचे? मुलांशी मराठी कधी आणि हिब्रू कधी? एका बैठकीला एकच माणूस, पाऊण तास, समोर तीन-चार फोटो. दोघी बहिणी एकत्र बसल्या की एक बोलते आणि दुसरी मान डोलावते.

एक पदार्थ मापासकट छापा. मलिदाच घ्या: जाडे पोहे अर्धा किलो, एक नारळ, साखर पाव किलो, वेलच्या आठ-दहा, बदाम-पिस्ते, वर फळं. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवायचे. पातळ पोहे घेतले किंवा भिजत घातले की लगदा. तिकडे ओला नारळ सहज मिळत नाही. सुका कीस असेल तर कोमट पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर दाताखाली भुसा लागतो. मलिदा एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने करतात, तेव्हा आजी तो कोणत्या नवसाला करायची हे पाककृतीच्या शेजारीच येऊ द्या.

ठाण्याची_नात
कबरीवर तव, शिन, नून, बेतच आहे. केतुबातली तारीख मात्र अक्षरी आहे, मुळीच लागत नाहीये.

कुलाबकर
केतुबात आठवड्याचा वार आधी येतो, मग महिन्याचा दिवस, महिना, आणि वर्ष शब्दांत, हजारासकट. सिनेगॉगच्या हज्जानकडून (प्रार्थना चालवणाऱ्याकडून) तेवढी ओळ वाचून घ्या आणि निघालेली तारीख वाराशी ताडून बघा. वार जुळला नाही तर वाचण्यात चूक आहे असं समजून पुन्हा वाचायला सांगा.