दिराच्या मुलीला दत्तक घ्यायचंय, कोर्टात जायचं की कलेक्टरकडे? मदत हवी आहे

नमस्कार. माझे दीर आणि जाऊ दोघंही अपघातात गेले, त्यांची ७ वर्षांची मुलगी आता आमच्याकडेच आहे, सासूबाई पण आमच्यातच असतात. आम्हाला एक मुलगा आहे, आम्ही हिंदू. तिला रीतसर दत्तक घ्यायचं ठरवलंय पण जायचं कुठे तेच कळेना. एक वकील म्हणाले जिल्हा न्यायालयात अर्ज करा, दुसरे म्हणाले आता सगळं कलेक्टर बघतात, नात्यातले एक जण म्हणतात नोटरी करा झालं, आणि कुणीतरी फॅमिली कोर्टाचं पण काढलं. प्लीज नीट सांगा, पोरीचा कागद कच्चा राहायला नकोय.

उत्तर: ताई, दोन्ही वकील बरोबर आहेत, ते दोन वेगळ्या कायद्यांबद्दल बोलतायत. पहिला १९५६ चा हिंदू दत्तक कायदा. यात आईवडील स्वतः मूल देत असतील तर कोर्टाची परवानगी लागतच नाही, पण तुमच्याकडे दोघंही नाहीत, म्हणजे देणारा पालक उरतो आणि पालकाला आधी जिल्हा न्यायालयाची (मोठ्या शहरात सिटी सिव्हिल कोर्ट असेल तर तिथली) परवानगी घ्यावीच लागते. मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती पालक धरतात, त्यामुळे सासूबाई देऊ शकतील. परवानगी मिळाली की दत्तकपत्र रजिस्टर करून घ्या. तुम्हाला मुलगी नाही, मुलगा आहे, म्हणून मुलगी घ्यायला अडचण नाही, फक्त तुमचे मिस्टर तिच्यापेक्षा किमान २१ वर्षांनी मोठे हवेत.

दुसरा बाल न्याय कायदा, २०१५. यात आधी कोर्टच आदेश द्यायचं, पण २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, १ सप्टेंबर २०२२ पासून. मग जानेवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने कोर्टात आधीपासून चालू असलेली प्रकरणं तिकडे पाठवायला अंतरिम स्थगिती दिली, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो तो साहजिक आहे. नात्यातलं दत्तक यात बसतं, पण नातं म्हणजे काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावशी, आजी-आजोबा एवढंच, चुलतभावाचं मूल असतं तर बसलं नसतं. तुम्ही सख्खे काका-काकू, म्हणजे बसता. कारा (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) च्या पोर्टलवर नोंदणी करायची, आईवडील नसल्यामुळे बाल कल्याण समितीची परवानगी लागते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष घरी येऊन कुटुंबाचा अहवाल करतो आणि मग अर्ज कलेक्टरकडे जातो. मुलगी ५ वर्षांच्या वर आहे म्हणून तिची संमती पण लागते, आणि ती लागते हे मला फार योग्य वाटतं, तिच्याशी आधी मोकळेपणाने बोला.

फॅमिली कोर्टात पालकत्वाचे अर्ज जातात, ते दत्तक नव्हे. पालकत्व १८ व्या वर्षी संपतं, वारसाहक्क मिळत नाही. नुसत्या नोटरीच्या नादी तर लागूच नका, कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्या केसमध्ये त्याला काही अर्थ नाही.

प्रश्नकर्ती: खूप खूप आभार दादा. तुम्ही असता तर कुठला रस्ता धरला असता? आणि कलेक्टरांनी नाही म्हटलं तर?

उत्तर: मी कलेक्टरचा धरला असता, कारण घराची, मुलीची सगळी पाहणी होऊन सरकारी आदेश हातात येतो, उद्या कुणी नातेवाईक उलटला तरी. नकार आला तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, दोघांचे मृत्यूचे दाखले आणि मुलीचा जन्मदाखला सोबत न्या.