मदत हवी आहे: दुरंगी तगरीची फांदी रुजत नाही

नमस्कार मंडळी,

पुण्यात चौथ्या मजल्यावर, पूर्वेकडच्या गॅलरीत माझी दुरंगी तगर आहे. हिरव्या पानांना दुधाळ पांढरी कड. बारा इंची कुंडी, चार वर्षांचं झाड, सकाळी दोन-अडीच तास ऊन. आईने दिलेलं झाड आहे, म्हणून जीव फार गुंतलाय.

दोन अडचणी आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर बुंध्याजवळून दोन फांद्या पूर्ण हिरव्या फुटल्या आणि त्या दुरंगी फांद्यांच्या दुप्पट वेगाने वाढताहेत. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्याने दुरंगी फांदी मागे पडते, हे कळतं. पण हिरव्या फांद्या अगदी मुळाशी छाटू का? की ऊन कमी पडतंय म्हणून असं होतंय?

दुसरी अडचण जास्त त्रासाची. बहिणीला याचंच रोप करून द्यायचंय. बिया लावून दुरंगीच रोप येईल याचा भरवसा नसतो, म्हणून जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा काड्या लावल्या. कापल्यावर निघणारा चीक धुतला, खालची पानं काढली, कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी घेतली, वरून प्लास्टिकची पिशवी घातली. तीन आठवड्यांत सगळ्या बुडाशी काळ्या पडून कुजल्या. पाणी जास्त झालं असावं असं वाटतं, कारण पिशवीत सतत थेंब साचलेले असायचे.

आता गुटी बांधावी का, म्हणजे फांदीची साल गोल काढून, तिथे ओलं शेवाळ गुंडाळून झाडावरच मुळं आणावीत का? कुंडीतल्या तगरीवर कुणी बांधली असेल तर साल किती रुंद काढली आणि मुळं दिसायला किती दिवस लागले, तेवढं नक्की सांगा. आईचं झाड एकच आहे, पुन्हा चुकायचं नाहीये.