मदत हवी आहे: बाबांचे शेअर मंदीवाल्यांना उसने द्यावेत का?

नमस्कार मंडळी. बाबा गेल्यावर त्यांचे शेअर आईच्या डिमॅटला आले. बरेचसे एकाच कंपनीचे, पंचवीस वर्षांत थोडे थोडे करून घेतलेले. पडत्या बाजारातही त्यांनी एक विकला नाही. गेल्या आठवड्यात ब्रोकरकडून फोन आला: नुसते पडून आहेत, एसएलबीत (शेअर उसने देण्या-घेण्याची बाजारातली सोय) उसने द्या, फी मिळेल. आईने विचारलं, "ज्याला भाव पडायला हवाय, त्याच्याच हातात आपण शेअर द्यायचे?" मला उत्तर देता आलं नाही.

मला समजलंय ते असं. शॉर्ट करणारा, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावणारा, उसना शेअर आज विकतो, म्हणजे बाजारात माल वाढतो आणि भावावर दाब येतो. पण तोच शेअर त्याला कधीतरी विकत घेऊन परत करायचाच आहे. मग दाब तात्पुरताच ना? आणि बाबांसारखे न विकणारे लोक भाव खरंच धरून ठेवतात, की ते हिशेबातच नसतात? बाबांनी इतकी वर्षं जे केलं त्याला काही अर्थ होता का, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.

प्रतिसाद १
भाव ठरतो त्या दिवशी हात बदलणाऱ्या थोड्या शेअरवर. तुमचे बाबा त्या सौद्यात नव्हते, म्हणून रोजच्या भावात ते दिसत नाहीत. पण ते विकत नसल्यामुळे बाजारात फिरणारा माल कमी राहतो, आणि माल कमी असला की दोन्हीकडचे झटके मोठे बसतात.

फोक्सवॅगनचं २००८ सालचं प्रकरण बघा. २६ ऑक्टोबरला, रविवारी, पोर्शे या कार कंपनीने जाहीर केलं की त्यांच्याकडे फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाचा हक्क देणारे करार. लोअर सॅक्सनी या जर्मन राज्याकडे सुमारे २० टक्के, ते विकणार नव्हतेच. उरले जेमतेम ६ टक्के, आणि शॉर्ट झाले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट! सगळे एकदम शॉर्ट कापायला, म्हणजे विकलेले शेअर परत विकत घ्यायला, धावले. शुक्रवारी २१० युरोच्या आसपास असलेला शेअर मंगळवारी हजाराच्या वर गेला. काही तास ती बाजारमूल्याने जगातली सर्वांत मोठी कंपनी होती. मग पोर्शेनेच थोडे ऑप्शन मोकळे करायची तयारी दाखवली, तेव्हा भाव उतरला.

गाड्यांच्या विक्रीशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता. कंपनी कमावत राहिली तर शॉर्टवाल्याचा दाब टिकत नाही, त्याला वरच्या भावाने परत घ्यावंच लागतं. कंपनीत खरंच खोट असेल तर मात्र न विकणाऱ्यांची फळीही भाव वाचवू शकत नाही. तेव्हा बाबांनी ती कंपनी का निवडली होती, ते आधी तपासा.

प्रतिसाद २
काकूंना सांगा, उसने घेणारा प्रत्येक जण मंदीवाला नसतो. फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) आजच्या रोख भावापेक्षा स्वस्त मिळत असेल तर काही जण उसना शेअर विकून फ्युचर घेतात आणि मधला फरक कमावतात. कुणाला विकलेले शेअर वेळेवर देता येत नसतात; मग ते बाजारात लिलावाने (ऑक्शन) घेतले जातात, ते टाळायला तो उसना घेतो.

आपल्याकडे एसएलबी एप्रिल २००८ पासून आहे. परतफेडीची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशनची (सौदे पुरे करून देणारी बाजाराची संस्था) असते, लाभांश उसने घेणाऱ्याकडून वसूल होऊन तुमच्याकडे येतो. पण त्या काळात शेअर तुमच्या नावावर नसतात, त्यामुळे मतदानाचा हक्क जातो. फी किती आणि ब्रोकर त्यातून किती कापतो, हे लेखी घ्या. जास्त फी सांगितली तर समजा की त्या शेअरला उसनवारीची मागणी मोठी आहे. ती का आहे, याची चौकशी सही करण्याआधी करा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. मतदानाचं ऐकून ती थांबली, कारण बाबा दरवर्षी सभेची नोटीस पूर्ण वाचून मत देत असत. सध्या नाही म्हणून कळवतोय. एकच विचारायचं राहिलं: उसने दिलेले शेअर सभेच्या आधी मुदतीपूर्वी परत मागवता येतात का? कुणी प्रत्यक्ष मागवले असतील तर अनुभव सांगाल का?