खाडाखोड हवीच

हाताने लिहिणं ही नुसती जुन्या दिवसांची ओढ आहे, टायपिंगने तेच काम लवकर उरकतं, असं अनेकजण म्हणतात, पण मला ते पटत नाही. हात हळू चालतो, हाच तर फायदा! म्यूलर आणि ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांच्या २०१४ च्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी व्याख्यान बरंचसं शब्दशः उतरवत होते. वहीवाल्यांना तो वेग जमणं शक्य नव्हतं, त्यामुळे ते ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत मांडत गेले आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत सरस ठरले. (नंतरच्या प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं.)

कवितेसाठी तर मला खाडाखोडच फार मोलाची वाटते. स्क्रीनवर पुसलेला शब्द सहसा कायमचा जातो. वहीत काट मारलेली ओळ वाचता येते, समासात सुचलेला पर्याय बाणाने जोडलेला असतो आणि आठवड्याभराने पान उघडलं की कधीकधी त्या टाकलेल्या ओळीतूनच पुढचं कडवं सुचतं. पक्की प्रत खुशाल टाइप करा. कच्चा खर्डा मात्र वहीतच लिहा, तोही शाईने, म्हणजे खोडरबरचा मोह होणार नाही.