ऑनलाइन परिषद संपली की गट थंडावतो. आखणीत काय बदलावं?

ध्रुवतारा: दोन दिवसांची ऑनलाइन परिषद ठरते आहे. साधारण दीडशे संशोधक, टाइमझोन अनेक. परिषदेपुरती गर्दी होते, मग आठवड्याभरात चॅटवर सामसूम. लोक टिकून राहावेत यासाठी आधीपासून काय करावं?

पारिजात: आधी लाइव्ह व्याख्यानं कमी करा. २०२० मध्ये आयसीएलआर ही मशीन लर्निंगची परिषद अदिस अबाबाऐवजी पूर्ण ऑनलाइन झाली, तेव्हा पेपरांचे व्हिडिओ आधीच रेकॉर्ड केलेले होते आणि लेखकांशी प्रश्नोत्तरं तेवढी लाइव्ह. तोच साचा धरा. दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ तीन आठवडे आधी मागवा, कारण तपासणीत एक आठवडा जातोच. लॅपटॉपच्या माइकवर आवाज घुमतो आणि आपोआप बनणाऱ्या सबटायटल्समध्ये नेमके पारिभाषिक शब्द चुकतात. ते वक्त्याकडूनच दुरुस्त करून घ्या. प्रत्येक पेपरला प्रश्नोत्तरांच्या दोन वेळा द्या, आठ ते बारा तासांच्या अंतराने. वेळापत्रक यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवून सोबत कॅलेंडरची फाइल द्या. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काही देशांची घड्याळं उन्हाळी वेळेमुळे पुढे-मागे सरकतात, तेव्हा हाताने लिहिलेल्या वेळा हमखास चुकतात.

रानवाट: चॅटचं साधन नीट निवडा. स्लॅकच्या मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत, म्हणजे पुढच्या परिषदेआधीच चर्चा गायब. झुलिपमध्ये संदेश विषयवार राहतात, त्यामुळे महिन्याने आलेल्यालाही एका पेपरचा धागा सलग वाचता येतो. चॅट दोन आठवडे आधी उघडा आणि प्रत्येक लेखकाला स्वतःच्या धाग्यात एक खरा, अडलेला प्रश्न टाकायला सांगा. नवख्याच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर तो पुन्हा विचारत नाही. म्हणून रोज अनुत्तरित धागे पाहून योग्य माणसाला टॅग करणारे दोघे हवेतच. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

ध्रुवतारा: रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकली की पुरे ना?

पारिजात: बघायला पुरे, संदर्भ द्यायला नाही. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो या ऑनलाइन संग्रहात व्हिडिओ आणि स्लाइड्स ठेवल्या की डीओआय, म्हणजे संदर्भात देता येणारा कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइल्स बसतात. संमती मात्र पेपर पाठवतानाच्या फॉर्ममध्येच घ्या. नंतर मेल करून मागितली तर निम्मे जण उत्तरच देत नाहीत.

रानवाट: आणि समारोपातच पुढच्या मासिक बैठकीची तारीख आणि वक्ता जाहीर करा. वीस मिनिटं मांडणी, चाळीस मिनिटं चर्चा. सूत्रसंचालन पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडे फिरतं ठेवा. आयोजकांत दरवर्षी एक-तृतीयांश माणसं बदला; सगळी एकदम बदलली की पासवर्डपासून मेलच्या यादीपर्यंत सगळं नव्याने शोधावं लागतं.